पांढरा थर

"काकू, हे पान जरा हातात धरून बघ. कागद झालाय त्याचा."

ट्रॉयने पान दिव्यासमोर धरलं. शिरा हिरव्या होत्या, शिरांच्या मधली जागा पिवळी, आणि कडा करपून तपकिरी झालेल्या. त्याने बोटांनी जरा दाबलं तर टोकाचा चुरा झाला. इर्या रुओनाने ते पान त्याच्या हातातून काढून घेतलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. घरातला केर पाहुण्याच्या हाती लागावा तसं तिला झालं होतं.

"पान मेलंय," ती म्हणाली. "झाड नाही."

"सगळ्याच झाडांची ही गत आहे. आणि त्या कोपऱ्यातल्या म्हातारीची तर बघवत नाही."

कोपऱ्यातली म्हातारी म्हणजे आईझाड. इर्याच्या नवऱ्याने, वाइनोने, फार वर्षांपूर्वी कुणा मित्राकडून एक काडी आणून लावली होती. त्या झाडाला त्याने कधी फुलावर येऊ दिलं नाही. त्याच्या डोक्यावरचा दिवा इतरांपेक्षा जास्त वेळ जळायचा, म्हणजे झाडाला उन्हाळा संपला असं वाटायचंच नाही. दर हंगामाला त्याच्या काड्या कापायच्या, रुजवायच्या, आणि त्या पोरींना फुलू द्यायचं. या जातीचं दुसरं झाड जगात कुठे आहे का, हे फक्त वाइनोला माहीत असेल, आणि वाइनो हिवाळ्याच्या तोंडावर गेला होता.

तळघराच्या खिडकीवर बर्फ चढलं होतं, त्यामुळे बाहेरचा उजेड आत येतच नव्हता. पंखे घुमत होते. ट्रॉय पायरीवर बसला. वाइनोच्या धाकट्या भावाचा हा मुलगा, महामार्गावरच्या मोठ्या कंपनीत पाळीप्रमुख. तिथे एकेका दालनात हजार-हजार झाडं असत. तो वाईट मुलगा नव्हता. गेल्या हिवाळ्यात वाइनो आजारी असताना छपरावरचं बर्फ त्यानेच काढलं होतं. तो बराच वेळ समजावत राहिला. मिशिगनच्या कायद्याने एका माणसाला पाच रुग्णांसाठी झाडं लावता येतात, हे त्याला मान्य होतं. पण पाचही जणांची रुग्ण म्हणून मिळालेली सरकारी कार्डं आता नवी करायची होती. त्यावर पुन्हा काकूचं नाव घातलं आणि काकूकडे पीकच आलं नाही, तर त्यांनी करायचं काय? त्यापेक्षा नाव काढून टाकावं. कंपनीचं दुकान त्यांना सवलतीने देईल, तसं त्याने वर बोलून ठेवलं होतं.

"आमच्याकडे यंत्र मोजतं, यंत्रच मिसळतं," तो म्हणाला. "कुणी झोपलं, कुणी आजारी पडलं, तरी पाणी चुकत नाही. आणि हे बघ, गावात लोक बोलायला लागलेत. रुओनाकाकूचं ते... औषध गेलं म्हणून."

"गांजा म्हण."

"काकू..."

"लाजतोस कशाला? तीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्यात मी. कशावर कसला डाग आहे आणि त्याला काय म्हणतात, ते मला कळतं. गांजा आहे, आणि माझ्या तळघरात आहे. दाराला कुलूप आहे, कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात आहे."

ट्रॉय हसला. मग म्हणाला की शनिवारी ते पाचही जण सौनासाठी, वाफेच्या आंघोळीसाठी, इथे जमतातच, तेव्हा तो अर्ज घेऊन येईल.

"ये. पण आधी सौना, मग कॉफी, मग तुझे अर्ज. आत वाफेत कामाचं बोलायचं नाही. तुझ्या काकाचा नियम आहे."

तो गेल्यावर इर्याने खिशातलं पान काढलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि कुलूप लावलं.

*

वाइनो असताना कामाची वाटणी साधी होती. पाणी त्याचं, पान तिचं. तो पिंपात खत कालवायचा, थेंब टाकायचा, मोजायचा. ती पानं खुडायची, फुलं वाळवायची, बरण्या भरायची. बरण्या भरणं हे तिच्या हातचं काम होतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिचा दबदबा होता तो अशाच कारणाने. तिसऱ्या पाण्यात चादर खळबळली की पाणी नितळ राहिलं पाहिजे, नाहीतर चादर परत. दुसऱ्या बायकांनी घडी घालून ठेवलेला गठ्ठा ती उलगडून पुन्हा धुवायला टाकायची. बायका चिडायच्या, पाठीमागे नावं ठेवायच्या. तिला त्याचं काही वाटत नसे. स्वच्छ म्हणजे स्वच्छ.

वाइनो मात्र पसारेवाला. त्याच्या फळीवर बाटल्या चिकट, चमचे बुरसटलेले, झाकणांवर कसले कसले थर. तिने फडकं घेतलं की तो आडवा यायचा. "इर्या, हे तुझं इस्पितळ नाही. इथे हात लावायचा नाही."

शेवटच्या दिवसांत त्याने तिला पलंगावरूनच पाणी शिकवलं. नारळाच्या काथ्याच्या भुशात झाडं होती. त्या भुशात स्वतःचं असं काही खत नसतं, जे द्याल तेच. म्हणून पाण्याचा सामू, म्हणजे ते किती आंबट आणि किती चुनखट, हे सांभाळायचं. "सहा," वाइनो म्हणायचा. "खत कालव, मग पेन बुडव, मग सहा येईपर्यंत आम्लाचे थेंब टाक. सहावर झाडाला सगळं ताट दिसतं. साडेसात-आठवर ताट भरलेलं असतं, पण त्याचे हात बांधलेले असतात. लोखंड समोर, पण उचलता येत नाही." तिने ते पाठ केलं. पेन म्हणजे तळहाताएवढं एक मोजयंत्र, त्याच्या टोकाला काचेचं बोंड, आणि बोंडावर टोपण.

वाइनो गेल्यावर तिने त्याचे कपडे वाटले, पलंग हलवला आणि तळघर धुऊन काढलं. मग पाणी स्वतःच्या हातात घेतलं. रोज सकाळी खत, पेन, थेंब, सहा. एकही दिवस तिने चुकवला नाही.

आणि उलट या वर्षी तिला सोपंच गेलं. त्यांच्या विहिरीचं पाणी चुनखडकातून येणारं, हट्टी. वाइनोला ते सहावर आणायला आम्लाच्या बाटल्यांवर बाटल्या लागायच्या. तिला चार थेंबांत काम व्हायचं. महिन्याभरात संपणारी बाटली नाताळ उलटला तरी अर्धीसुद्धा झाली नव्हती. विहिरीलाही माझी दया आली, असं तिला वाटलं होतं. एकदा तर ती पंपाकडे बघून मोठ्याने "शहाणी बाई" म्हणाली होती.

मग कोवळी पानं पिवळी पडायला लागली. खतांच्या दुकानातल्या माणसाने लोखंड द्या म्हणून सांगितलं, तिने लोखंड दिलं. पिवळेपणा वाढला. मग कॅल्शियम आणि मॅग्नेशियम द्या म्हणाला. इथे प्रत्येक दुखण्यावर प्रत्येकजण तेच सांगतो, डोकं दुखलं तरी सांगतील. तिने तेही दिलं. मग पानांच्या कडा करपल्या. दुकानातल्याने विचारलं, पाण्याचा सामू बघता ना? "रोज," ती म्हणाली. "सहा." हे सांगताना तिची मान जरा ताठच झाली होती.

रविवारी चर्चमध्ये एका बाईने कॉफी ओतता ओतता म्हटलं, "देवाची इच्छा नसेल, तर कसं उगवणार?" इर्याने साखरेचा खडा दातात धरला, त्यावरून कॉफी प्याली, आणि मग उत्तर दिलं. "तुमचे बटाटे गेल्या वर्षी कुजले तेव्हा देव कुठे होता?"

पण घरी आल्यावर तिने फडताळ उघडलं. पाचांतल्या एकीची, बर्निसच्या नावाची बरणी तळाला लागली होती.

*

शनिवारी दुपारी आकाश निवळलं. सौनाच्या खोलीचं धुराडं सरळ धूर सोडत होतं. पहिली पाळी बायकांची. पाचांतल्या दुसऱ्या, शाळेची बस चालवणाऱ्या बाई, अजून घरात कपडे बदलत होत्या. ओर्व्हल ट्रेमबाथ आपल्या बहिणीला, बर्निसला, दोन्ही हातांवर उचलून दारापर्यंत घेऊन आला. त्याच्या वडिलांसारखा तोही तांब्याच्या खाणीत काम केलेला. पाठ गेलेली, पण बहिणीला उचलायचं म्हटलं की पाठीची तक्रार विसरायचा. आत इर्याने तिला सांभाळून खालच्या फळीवर बसवलं. बर्निसच्या नसांचा आजार जुना होता. पाय स्वतःच्या मर्जीने आखडायचे, रात्ररात्र. वाइनोच्या झाडाचं फूल हे तिने केलेल्या शेवटच्या उपायांपैकी एक होतं, आणि एकटं तेच लागू पडलं होतं.

"उजवा पाय काल सगळी रात्र भांडत होता," बर्निस म्हणाली.

"आत कामाचं बोलायचं नाही."

"पाय म्हणजे काम आहे होय? पाय हा पाय आहे." ती हसली, मग गंभीर झाली. "इर्या, खरं सांग. येणार आहे का काही?"

इर्याने लाकडी डाव पाण्यात बुडवला आणि तापलेल्या दगडांवर ओतला. वाफ छताला जाऊन त्यांच्या पाठीवर उतरली. दोघींनी डोळे मिटले.

"हे दगड ओर्व्हलनेच आणले ना?" थोड्या वेळाने बर्निसने विचारलं. "वाइनो गेल्यावर?"

"हो. तलावाच्या काठावरून. जुने फुटले होते."

"काळेभोर होते. मी गाडीत मांडीवर घेऊन बसले होते त्यातला एक. आता बघ, पिठाच्या गिरणीत झोपून आल्यासारखे दिसतात."

इर्याने पाहिलं. खरंच, दगडांवर पांढरा जाड थर बसला होता, कडांना तर खवलेच सुटले होते. तिच्या मनात पहिला विचार आला तो नेहमीचाच. उद्या थंड झाले की तारेच्या ब्रशने घासून काढायचे. तिने पुन्हा डाव भरला.

आणि डाव हातातच राहिला.

हा थर म्हणजे चुना. पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. दगड या हिवाळ्यातले, पाणी याच विहिरीचं, याच नळाचं. पाण्यात चुना किती आणि त्याचा सामू किती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे खरं. पण इतका चुना असलेलं पाणी चार थेंब आम्लाला बधत नाही. ते आम्ल गिळून टाकतं आणि पुन्हा तोंड उघडतं. म्हणजे विहीर शहाणी वगैरे काही झाली नव्हती. ती होती तशीच हट्टी होती. मग चार थेंबांत सहा कसा येत होता?

एकतर दगड खोटं बोलत होते, नाहीतर पेन.

"बर्निस, तुझ्या माशांच्या टाकीतलं पाणी तू कशाने तपासतेस?"

"थेंबांनी. रंग बदलतो. का गं?"

इर्या टॉवेल गुंडाळून दाराबाहेर पडली. ओट्यावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या पुरुषांनी झटकन पाठी फिरवल्या.

"वहिनी, वाफेनंतर डुबकी मारायचा तलाव तिकडे आहे, तुम्ही घराकडे निघालात," पाठमोरा ओर्व्हल म्हणाला.

"भावोजी, तुमच्या घरून बर्निसच्या माशांचे थेंब घेऊन या. आत्ता. आणि तिला आत एकटी ठेवू नका, बसवाल्या बाईंना आत पाठवा."

तळघरात तिने पेन उघडलं. सकाळीच कालवलेल्या पिंपात बुडवलं. सहा. वर जाऊन दुधात बुडवलं. सहाच्या जरासं पुढे. हेरिंग मासे मुरवायच्या व्हिनेगरची बाटली काढली, वाटीत ओतलं, पेन बुडवून वाट पाहिली. आकडा रेंगाळत रेंगाळत साडेपाचच्या वर येऊन थांबला. तिने व्हिनेगरात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं झालं. मग दुधाचा घोट घेतला. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण त्या पेनाला जगात सगळीकडे सहाच दिसत होता. दूध काय आणि व्हिनेगर काय, सगळं जवळपास सारखंच.

ओर्व्हल थेंब घेऊन आला. काचेच्या नळीत पिंपातलं पाणी, त्यात थेंब. बाटलीवरच्या पट्टीवर सहा म्हणजे पिवळा रंग. नळीतलं पाणी क्षणभर हिरवं दिसलं, आणि मग गडद निळं झालं. पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाचं, साडेसातच्या पलीकडचं निळं.

ती टॉवेलमध्येच पायरीवर बसली. झाडांसमोर ताट भरलेलं होतं. ती रोज त्यात आणखी वाढत होती, आणि त्यांचे हात बांधलेले होते. न उचललेलं सगळं भुशात मीठ होऊन साठलं होतं, त्याने कडा जळाल्या होत्या. हे सगळं तिने सहा, सहा म्हणत केलं होतं.

*

ट्रॉय आला तेव्हा सगळे आंघोळ करून, लाल तोंडांनी स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसले होते. मधे वेलचीचा निसू पाव, कॉफीची किटली आणि पेन. इर्याने त्याला काही विचारण्याआधीच कप भरून दिला. त्याने पेन उचललं, टोपण काढलं, आत पाहिलं, वास घेतला.

"ह्यात काय ठेवतेस?"

"शुद्ध पाणी. इस्त्रीत घालतात ते, बाटलीतलं. रोज बदलते."

"रोज?" ट्रॉयने कप खाली ठेवला. "काकू, हेच करायचं नसतं. ह्या काचेला खारं पाणी लागतं. आतल्यासारखंच मीठ बाहेर असलं की ती शाबूत राहते. शुद्ध पाण्यात ठेवली की तिच्यातलं मीठ बाहेर ओढलं जातं, काच आंधळी होते. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मीठ वाळून टोपणाच्या कडेला पांढरं धरतं, ते तसंच असू द्यायचं, घाण नसते ती. काकाने नव्हतं सांगितलं?"

इर्या टोपणाकडे बघत राहिली.

तळघर धुतलं त्या दिवशी टोपणाच्या कडेला पांढरा, खरखरीत थर होता. झोपलेल्या माणसाच्या ओठाच्या कडेला वाळतं तसा. किती रे घाणेरडा, असं तिने म्हटलं होतं, आणि म्हणताना थोडं रडूही आलं होतं. मग गरम पाणी, क्लोरीन आणि दातांचा ब्रश घेऊन तो थर पार घालवला. तीन पाण्यांतून काढलं. तिसरं पाणी नितळ होतं. मग ते टोपण तिला माहीत असलेल्या सर्वांत स्वच्छ पाण्याने भरलं.

"नाही," ती म्हणाली. "सांगायचं राहिलं असेल."

ट्रॉयने अर्ज काढले. त्याला ते काढताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. तो म्हणाला की चूक कुणाच्याही हातून होते, पण एकाच माणसाच्या हातात सगळं असलं की एक चूक म्हणजे अख्खा हंगाम. कंपनीत अशी चार यंत्रं एकमेकांना तपासतात. त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. शाळेची बस चालवणाऱ्या बाईंनी अर्जाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

इर्या उभी राहिली. धुलाईखान्यात ती चादर परत करायची तेव्हा अशीच उभी राहायची.

"आधी माझं ऐका, मग सह्या करा," ती म्हणाली. "झाडांना मी उपाशी ठेवलं. विहीर, खत, दिवा, कुणाचा दोष नाही. मी चांगलं पेन धुऊन धुऊन मारलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. ट्रॉय म्हणतो ते खरं आहे. अर्धं पीक जाईल, कदाचित जास्त. ज्याला थांबायला जमत नाही, त्याने जावं. मी राग धरणार नाही, शनिवारचा सौना तुमचाच आहे. पण माझी खोली बंद होणार नाही. पाच राहिले तर पाचांसाठी, एक राहिला तर एकासाठी. कुणीच नाही राहिलं तरी कायद्याने मला माझ्या घरात झाडं लावता येतात, आणि मी ती लावणार. देवाची इच्छा, यंत्र, वय, हे मला कुणी सांगायचं नाही. चूक माझी आहे, म्हणजे निस्तरायचा हक्कही माझा."

"काकू, हक्काचा प्रश्न नाहीये," ट्रॉय म्हणाला.

"तुझ्यासाठी नसेल. कॉफी पी, गार होते."

बर्निसने चाकाची खुर्ची टेबलाजवळ सरकवली. "ट्रॉय, तुमच्या यंत्रांकडे वाइनोचं हे झाड आहे?"

"हे नाही. बाहेरचं झाड आत आणता येत नाही, तसा नियमच आहे. पण आमच्याकडे चाळीस जाती आहेत."

"त्यातल्या आठ मी घेऊन पाहिल्यात. डोकं गरगर फिरलं. पाय होता तिथेच." तिने अर्ज हळूच त्याच्याकडे परत सरकवला. "मी थांबते. आखडायचं तर आखडू दे, त्याला काय नवीन आहे."

ओर्व्हल म्हणाला की तो जाणार कुठे, बहिणीच्या गाडीत तोच ड्रायव्हर. दोन भाऊ, दोघेही संधिवाताचे, एकमेकांकडे बघून म्हणाले की वसंतापर्यंत बघू. बसवाल्या बाईंनी मात्र अर्ज घेतला. त्यांना पहाटे उठून चाळीस पोरांना बर्फातून न्यायचं असतं, झोप लागलीच पाहिजे. त्यांच्याकडे तेवढा वेळ नव्हता. त्यांनी सही करायला इर्याकडेच पेन मागितलं, लिहायचं. इर्याने ते दिलं. सही होईपर्यंत ती शेजारी उभी राहिली, आणि निघताना तिने निम्मा निसू पाव कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला. त्या म्हणाल्या नको. ती म्हणाली, "सौनाला यायचं. पाव आपल्या दोघींनाही लागतो."

*

पुढच्याच सोमवारी तिने नवं पेन आणलं. तेच, वाइनोचं होतं त्याच बनावटीचं. सोबत मिठाच्या पाण्याची बाटली आणि पेन तपासायला ठरलेल्या सामूचं पाणी करायच्या दोन पुड्या. वापरायच्या आधी पेनाला ती दोन्ही पाणी चाखायला लावायची, हेही वाइनोने सांगायचं राहिलं होतं. त्या पुड्यांचा अर्थ ट्रॉयने फोनवर सांगितला. तो चिडलेला नव्हता, पण म्हणाला, तू फार हट्टी आहेस. ती म्हणाली, विहिरीच्या वळणावर गेलेय.

मग काम सुरू झालं. पिंपात पाणी, खत नेहमीच्या निम्म्याने, आणि आम्ल, पुन्हा आम्ल, जोवर पेन आणि बर्निसचे थेंब दोन्ही एकच बोलत नाहीत तोवर. प्रत्येक कुंडीतून पाणी सोडायचं, खाली निथळलेलं पाणी तपासायचं, ते सुधारेपर्यंत पुन्हा सोडायचं. भुशातलं साठलेलं मीठ बादल्यांनी बाहेर गेलं. आम्लाची अर्धी राहिलेली बाटली आठवड्यात संपली. बाटली रिकामी होताना तिला बरं वाटत होतं.

मेलेलं पान परत हिरवं होत नाही. ते तिने खुडून टाकलं, आणि काही झाडंही मुळासकट काढली. त्यांचा ढीग गोठलेल्या परसात कित्येक दिवस पडून होता. फुलं आली ती विरळ, बारीक. बर्निसची बरणी भरली, ओर्व्हलची आणि भावांची अर्धी. मधल्या आठवड्यांत बर्निसचा पाय रोज भांडला. ती शनिवारी येऊन खालच्या फळीवर बसायची आणि त्याबद्दल एक शब्द बोलायची नाही, आणि इर्याला तो शब्द ऐकू यायचा.

आईझाडाला तिने पार खाली छाटलं. दोन डोळे तेवढे ठेवले. बरेच दिवस काही हललं नाही. मग त्यातला एक फुटला. पहिलं पान वाकडं आलं, दुसरं सरळ. शिरा हिरव्या, शिरांच्या मधली जागाही हिरवी. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि त्या पानाला हात लावला नाही.

छपरावरून बर्फ घसरून पडायला लागलं, तळघराच्या खिडकीत वरच्या बोटभर जागेतून आकाश दिसायला लागलं, तेव्हा एका सकाळी ती फळी पुसत होती. नव्या पेनाला जुनं टोपण नीट बसलं होतं, म्हणून तिने वाइनोचंच ठेवलं होतं. आत मिठाच्या पाण्याचे चार थेंब. टोपणाच्या कडेला पांढरट रेघ उमटली होती. अजून बारीक, पण बोटाला खरखरीत लागणारी.

फडकं सवयीने तिकडे गेलं. तिने बाटल्या पुसल्या, चमचे पुसले, पुड्यांचा डबा उचलून त्याच्याखालची जागाही पुसली. टोपणाजवळ आल्यावर फडकं त्याला वळसा घालून पुढे गेलं.